हू घराण्यातली पोर

११ नोव्हेंबर

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब लिहायला ही वही दिली. रोज सकाळी आकडा टाकायचा म्हणाल्या. आज आकडा टाकत नाही. संध्याकाळी जे झालं ते कुठंतरी उतरवलं नाही तर माझं डोकं फुटेल, आणि बायकोला, यूफंगला, सांगावं तर ती हसणार.

टोफूची गाडी ढकलत घरी येत होतो. माल सगळा खपला होता. पांग खाटकानं रोजच्यासारखं "ग्वान, तुझा टोफू म्हणजे दात पडलेल्यांचं मटण" असं म्हणून शेवटची वडी उचलली होती. पाइनच्या वळणावर आलो तेव्हा अंधारून आलं होतं आणि बर्फ भुरभुरत होता. झाडाआडून कोणीतरी पुढं आलं. चांगलं उंच. अंगात लांब कोट, गळ्याशी केसाळ कॉलर, तोंडाभोवती मफलर गुंडाळलेला. माझ्या गाडीसमोर उभं राहिलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणालं, "बघा ना जरा. मी माणसासारखी दिसते का?"

मी गाडीचा दांडा घट्ट धरला. आमच्या डोंगराकडे जन्मलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न ठाऊक असतो. वर्षानुवर्षं साधना केलेलं जनावर माणूस व्हायच्या शेवटच्या पायरीला आलं की वाटेत कोणाला तरी गाठून हेच विचारतं. समोरचा 'हो' म्हणाला तर ते माणूस होतं. 'नाही' म्हणाला तर सगळी साधना मातीत जाते. पुष्कळदा विचारायला येतं ते पिवळं मुंगूस. पण ही उंची, ही केसाळ कॉलर, म्हणजे ही होती ती झुबकेदार शेपटीची, कोंबड्या पळवणारी... तो शब्द लिहायला नको. आम्ही 'हू घराण्यातली मंडळी' म्हणतो, तेच लिहितो.

घाबरलो की माझी जीभ तिखट होते. मी म्हणालो, "माणूस? ना धड जनावर, ना धड माणूस. हो बाजूला."

ती हलली नाही. मग घशातून एक बारीक आवाज आला, पिलाच्या शेपटीवर पाय पडावा तसा, आणि ती मोठ्या रस्त्याकडे निघून गेली. मी खाली वाकून ठसे पाहिले. पंजे नव्हते. उंच टाचांच्या बुटांचे ठसे होते, आणि लांबीला माझ्या पायाएवढे. हू मंडळींची लबाडी ती हीच.

१३ नोव्हेंबर

दोन दिवस टोफू बसत नाही. सोयाबीन तेच, पाणी तेच, दूध गोठवायचा खारही तोच, पण दूध फाटून नुसता चोथा होतो. त्या वळणावरचीचा शाप लागला, दुसरं काय.

यूफंग आंबवलेल्या कोबीच्या खोलीत जाऊन फोनवर बोलत होती. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. कांदा कापत होते म्हणाली. जेवायला कांद्याचं काहीच नव्हतं.

१५ नोव्हेंबर

शेवटी सांगितलंच यूफंगला. ती हसली नाही. हातातला डाव खाली ठेवला आणि म्हणाली, "काय म्हणालास तू तिला? परत सांग."

सांगितलं.

"पुन्हा."

पुन्हा सांगितलं. मग तिनं डाव उचलून माझ्या खांद्यावर एक हाणला. "म्हाताऱ्या, तुझ्या जिभेला हाड नाही ते नाही, पण डोळ्यांना काय झालं होतं?"

"अंधार होता. आणि तोंडावर मफलर."

ती चुलीकडे वळली. मग म्हणाली, उद्या चाओ आत्याबाईंकडे जाऊ. मी चकितच झालो. चाओ आत्याबाईंच्या अंगात हू मंडळी येतात, सगळं गाव जातं त्यांच्याकडे. पण यूफंगनं आजवर कधी त्यांच्या उंबऱ्यावर पाय ठेवला नव्हता. भोंदू म्हणायची त्यांना.

१६ नोव्हेंबर

आत्याबाई बिछान्यावर मांडी घालून सिगरेट ओढत होत्या. मी बूट काढेपर्यंत यूफंग आत शिरली आणि त्यांच्या कानाला लागली. मी आत गेलो तर दोघी गप्प. आत्याबाईंनी उदबत्त्या लावल्या, ढेकर दिली, त्यांचं अंग थरथरलं. हू मंडळी उतरली की असंच होतं.

"तुझ्यावर रागावली नाहीये ती," आत्याबाई म्हणाल्या. "दुखावली आहे. फार वर्षं सोसलं तिनं हे रूप मिळवायला. फार लांब राहून, एकटीनं. आता एक शब्द हवा होता, आणि तो तुझ्या तोंडून हवा होता."

"माझ्याच का? गावात काय माणसं कमी आहेत?"

"ते तिला विचार."

"आता कुठं शोधू तिला?"

"शोधू नकोस. घरात तिला जागा कर. फळी लाव, तिला आवडेल ते ठेव, रोज बसून बोल तिच्याशी. मनापासून बोललास तर पोचतं." मग डोळे उघडून साध्या आवाजात म्हणाल्या, "हिवाळ्यातल्या सगळ्यात लहान दिवसापर्यंत आहे ती इथं. मग दक्षिणेला जाईल. यंदा गेली तर परत यायची नाही."

त्यांनी लाल कागदावर 'हू घराण्यातली पोर' असं लिहून दिलं. पैसे घेतले नाहीत. आत्याबाई पैसे घेत नाहीत म्हणजे प्रकरण गंभीरच असणार.

२० नोव्हेंबर

फळी लावली, कागद चिकटवला. हू मंडळींना अंडी आवडतात म्हणून अंडी ठेवली. यूफंग म्हणाली, "अंडी काय, कोणीही ठेवतं."

मग सकाळी सोयाच्या दुधावरची साय काढली, साखर घातली, डबा भरून ठेवला. गिऱ्हाइकाला मी साय कधी विकली नाही. ती घरातच संपायची. कढईजवळ उभं राहून बोटानं उचलून खायची सवय होती कोणाला तरी.

दुपारी यूफंग डबा घेऊन गेली. आत्याबाईंनी सांगितलंय म्हणे, नैवेद्य वळणावर नेऊन ठेवायचा. संध्याकाळी तिनं डबा आणून दिला. रिकामा, आणि घासून पुसलेला. हू मंडळी फार टापटिपीची असतात असं ऐकलं होतं, ते खरं निघालं.

२४ नोव्हेंबर

बोलायचं काय तिच्याशी? बसतो, खोकतो, उठतो. गाडीचं चाक तपासतो, परत बसतो. माझ्यानं एका जागी बसवत नाही. छातीत सारखं कोणीतरी दार वाजवल्यासारखं होतं. डॉक्टरीणबाईंना दाखवायला पाहिजे, पण त्यांना सांगू काय?

आज नुसतं एवढंच म्हणालो, "तुमच्या त्या टाचांच्या बुटांनी इथं पाय मोडेल. बर्फ पक्का झालाय."

२७ नोव्हेंबर

बाजारातून बायकांचे बूट आणले, आतून लोकर लावलेले. ठसे माझ्या पायाएवढे होते म्हणून माझ्याच मापाचे मागितले. दुकानदार म्हणाला, "काका, एवढ्या मापाची बायको कुठून आणलीत?" मी म्हणालो, "तुला काय करायचंय, गुंडाळ."

फळीवर ठेवले. यूफंगनं ते हातात घेतले आणि आतली लोकर बोटांनी चाचपून पाहिली. मग डब्याबरोबर घेऊन गेली. हल्ली ती वळणावर जायला बस पकडते. विचारलं तर म्हणाली, मावशीकडेही डोकावते. तिची मावशी मागच्या वर्षी वारली असं मला वाटत होतं. वयानं माझं काही खरं नाही.

२ डिसेंबर

कधीकधी माझं मलाच हसू येतं. साठी उलटलेला टोफूवाला फळीवरच्या लाल कागदाशी गप्पा मारतो. पण सांगायलाच हवं, बोलल्यावर बरं वाटतं. टोफूही बसायला लागलाय.

आज तिला थिएचूबद्दल सांगितलं. थिएचू म्हणजे आमचा मुलगा. नाव मीच ठेवलं होतं, लोखंडाचा खांब. खांब कसला, वेताची छडी. सात वर्षांपूर्वी दक्षिणेकडच्या शहरात गेला. त्याचं नाव घरात काढायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि आज मीच काढलं. यूफंग पडद्यापलीकडे पीठ मळत होती. मळायची थांबली.

मी म्हणालो, "तुमचा तो प्रश्न आमच्या घरी खेळात असायचा. मीच त्याला ती गोष्ट सांगितली होती. मग तो आईचा फुलांचा रुमाल डोक्याला बांधून दारातून यायचा. विचारायचा, मी माणसासारखी दिसते का? मी म्हणायचो, छे, रानडुकरासारखी. तो पाय आपटायचा. मग म्हणायचो, बरं बाई, दिसतेस माणसासारखी. त्याशिवाय जेवायला बसायचा नाही. मग मोठा झाला, तरी रुमाल सोडेना. मग तो खेळ राहिला नाही."

 कागद काय बोलणार. पण कोणीतरी कान देऊन ऐकतंय असं वाटत राहिलं.

५ डिसेंबर

रात्रभर कूस बदलत होतो. यूफंगला विचारलं, "ती जर 'हो' ऐकायलाच आली होती, तर पळाली का? परत विचारायचं होतं."

ती अंधारात म्हणाली, "एकदा तोंडावर दार आपटलं की परत वाजवायला हात उचलत नाही, म्हाताऱ्या."

"मी कुठं दार आपटलं? मी भ्यालो होतो."

"हो. ते मी सांगितलंय," ती म्हणाली.

कोणाला, ते विचारायचं राहून गेलं. आत्याबाईंना असेल.

९ डिसेंबर

सगळ्यात लहान दिवस जवळ आला. रोज संध्याकाळी वळणावर जाऊन उभा राहतो. ससा दिसला, पांगची तीनचाकी दिसली. पांग म्हणाला, "ग्वान, बायकोनं घराबाहेर काढलं काय?" हू घराण्यातली मात्र दिसत नाही. भेटली तर म्हणायचं पाठ करून ठेवलंय. माणसासारखी दिसतेस. अगदी माणसासारखी. मग वाटतं, घाईत ऐनवेळी जीभ परत तिखट झाली तर?

१२ डिसेंबर

खार संपला म्हणून तालुक्याला गेलो. बस स्टँडच्या शेवयांच्या दुकानात यूफंग दिसली. काचेला बाजू देऊन बसली होती. समोर एक उंच बाई, तोंडावर केस आलेले, लांब कोट, केसाळ कॉलर.  हू घराण्यातली पोर थेट दुकानात, आणि माझी बायको तिला माझ्या डब्यातली साय भरवतेय.

काचेला नाक लावून पाहिलं. टेबलाखाली मी घेतलेले बूट होते. ती बाई कशावर तरी रडत होती आणि खातही होती. तेवढ्यात यूफंगनं खिशातला रुमाल काढला, तिची हनुवटी धरली आणि तिचं नाक पुसलं. जोरात, नाक लाल होईपर्यंत. यूफंगनं आयुष्यात एकाच माणसाचं नाक असं पुसलंय.

हू मंडळींचं नाक कोणी असं पुसत नाही.

खार न घेताच परत आलो.

१३ डिसेंबर

रक्तदाब घेतला नाही.

१४ डिसेंबर

चाओ आत्याबाईंकडे गेलो. बूट न काढताच आत गेलो.

"तुम्ही दोघींनी मिळून मला मूर्ख बनवलंत."

"बस आधी."

"बसत नाही. महिनाभर मला कागदाशी बोलायला लावलंत. मुलगा होता तो माझा."

त्यांनी सिगरेट विझवली. "ग्वान, वळणावर हू घराण्यातली भेटली असं कोण म्हणालं? मी म्हणाले? तू सांगत आलास. मी म्हणाले, तिनं फार सोसलं. खोटं आहे? म्हणाले, तुझ्या तोंडचा शब्द हवाय. खोटं आहे? म्हणाले, दक्षिणेला जाणार. तिकीट काढलंय तिनं. सांग, मी कुठं खोटं बोलले."

"सरळ सांगायचं होतं."

"सरळ सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस? सात वर्षं तुझी बायको कोबीच्या खोलीत लपून फोन करते. काखेत कळसा नि तू वळणावर जाऊन वळसा घालतोस, त्याला मी काय करू?"

मी दाराकडे निघालो. मागून म्हणाल्या, "रोज कोणासाठी साय काढत होतास?"

"त्या पोरीसाठी."

"मग?"

मी दार ओढून घेतलं. रस्त्यात दोनदा घसरलो.

१६ डिसेंबर

यूफंगला काल रात्री सांगितलं, मी पाहिलंय.  मग एकदम दोघं बोलायला लागलो आणि भांडण झालं. तिला वाटतं मी चिडलोय. चिडलोय म्हणा. पण कोणावर, ते मलाच नीट सांगता येत नाही.  उठतो, सोयाबीन निवडतो, निवडलेलंच परत निवडतो.

बोलताना यूफंग नुसतं 'लेकरू' म्हणते. लेकरू आलं, लेकरू जेवलं, लेकराला थंडी वाजली. तिला सोपं आहे. इथं लिहायला घेतलं की माझा हात अडतो. मघाशी 'तो' लिहिलं, खोडलं. 'ती' लिहिलं, तेही खोडलं. हू घराण्यातली म्हणत होतो तेव्हा 'ती' म्हणायला काहीच अडत नव्हतं.

लोक काय म्हणतील हेही डोक्यात येतं. खोटं कशाला लिहू, येतंच. पांग तर गाडीमागून गाणं म्हणत फिरेल.

१९ डिसेंबर

आज फळीसमोर तोंडच उघडेना. ऐकणारी रानात राहते असं वाटत होतं तोवर बोलणं सोपं होतं. आता ती तालुक्याला एका लॉजमध्ये राहते आणि माझ्याच मापाचे बूट घालते.

ना धड जनावर, ना धड माणूस. हे मी म्हणालो. ती एवढ्या लांबून आली, आमचाच खेळ खेळून बघितला, मफलरच्या आतून हसतही असेल कदाचित, आणि मी हे म्हणालो. लाज वाटते. दिवसभर लाज वाटत राहिली.

यूफंग म्हणाली, "परवा दुपारच्या बसनं जाणार. मी घरी ये म्हटलं. ती म्हणाली, बाबांनी बोलावलं तर. येतं का तुला बोलवायला?"

मी सोयाबीन भिजत घातलं.

"आपलेच दात नि आपलेच ओठ," ती म्हणाली. "पण चावलेत ते दातांनी, हे लक्षात ठेव."

२१ डिसेंबर

पहाटेच साय काढली, साखर घातली. यूफंग कालच तिच्याकडे मुक्कामाला गेली होती. रात्रभर बर्फ पडल्यामुळे गावातली बस आलीच नाही. मी डबा कोटात घालून चालायला लागलो. मागून पांगची तीनचाकी आली. आज सगळ्यात लहान दिवस, घरोघरी मटणाच्या करंज्या वळायच्या, म्हणून तो मागचा भाग भरून मांस घेऊन तालुक्याला निघाला होता. "बस वर," म्हणाला. आणखी कोणाबरोबर जाणार होतो? डुकराच्या अर्ध्या धडाशेजारी बसलो. वाटभर त्याची बडबड. मला एक अक्षर कळलं नाही.

स्टँडवर दक्षिणेची बस लागली होती. यूफंग आणि ती दाराजवळ उभ्या होत्या. मफलर नव्हता आज. केस खांद्यापर्यंत वाढवलेत. गालाची हाडं माझ्या आईची. मला बघितल्यावर तिनं बॅग दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि खाली मान घातली. काही विचारलं नाही. मी पाठ करून ठेवलेलं सगळं तोंडापर्यंत आलं आणि तिथंच अडलं, कारण विचारल्याशिवाय ते कसं म्हणायचं. नुसता डबा पुढं केला. तिनं घेतला.  

"गार आहे," मी म्हणालो. "पण आजचीच आहे."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. ती पायरीकडे वळली. यूफंग माझ्याकडे अशी बघत होती की तो डाव परवडला.

आणि नेमका पांग आला, हात पुसत. त्यानं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं, बुटांपाशी थांबला, परत वर पाहिलं. "ग्वान, ही कोण रे? पाहुणी?"

आजूबाजूची चार माणसं वळली. मला वाटलं होतं जीभ दगा देईल. नाही दिला.

"माझी मुलगी," मी म्हणालो.

तिचा पाय पायरीवरच राहिला.

पांग हसायला लागला. "अरे, तुला तर एकच पोरगं..."

"एकच. हेच. आज करंज्या आहेत घरी, म्हणून न्यायला आलोय."

पांगचं हसू अर्ध्यात थांबलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे पाहून त्यानं काय ताडलं ते त्याचं त्याला माहीत. कानाची टोपी खाली ओढली आणि तिला म्हणाला, "मग बाळ, नाव काय तुझं?"

आता हे मलाही ठाऊक नव्हतं. यूफंगला ठाऊक असणार, पण मी तिच्याकडे पाहिलं नाही. ड्रायव्हर ओरडला, चढायचं असेल तर चढा. मी तिच्या हातातली बॅग घेतली, जड होती, आणि म्हणालो, "सांग काकांना."

ती आधी माझ्याकडे बघत राहिली. मग पायरीवरून खाली उतरली.

"ग्वान निंग," ती म्हणाली.

आडनाव तिनं आमचंच ठेवलं होतं.